‘कळलंच नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या बाजूने

पोट दुखतं म्हणून दवाखान्यात आलेली बाई तासाभरात बाळंत झाली, अशी बातमी अधूनमधून छापून येते. त्यावर लगेच निकाल देणारे एक गृहस्थ नागपुरात आहेत. त्यांचं म्हणणं असं: नऊ महिने पोटात जीव वाढतो आणि बाईला पत्ता लागत नाही, हे शक्यच नाही. आईला पहिल्या दिवसापासून कळतं. जी ‘कळलं नाही’ म्हणते ती एक तर लपवते, नाही तर अडाणी असते. तिसरी शक्यता त्यांच्या लेखी नाहीच.

‘अडाणी’ हा आरोप लवकर निकालात निघतो. बर्लिनच्या प्रसूतिगृहांत 1995-96 मध्ये वर्षभर नोंदी ठेवल्या गेल्या आणि त्या 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आल्या. सुमारे 475 गरोदरपणांत एक, विसाव्या आठवड्यापर्यंत बाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुमारे 2,455 मध्ये एक, थेट कळा सुरू होईपर्यंत. म्हणजे तिळ्यांच्या जन्मापेक्षा तिपटीने जास्त. बर्लिनच्या बायकाही अडाणीच म्हणायच्या का?

खरा राग येतो तो ‘आईला कळतंच’ या वाक्याचा. ते ऐकायला गोड लागतं आणि बाईला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. कळतं ते कशावरून? पाळी चुकली यावरून. पण पीसीओएस असलेल्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येतच नाही. पंचेचाळिशीतल्या बाईला वाटतं, आता जायचीच वेळ आली. लेकरू अंगावर पीत असेल तर पाळी सुरू व्हायच्या आधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. काहींना गरोदरपणातही रक्तस्राव होतो आणि ती पाळीच वाटते. उलट्या प्रत्येकीला होतातच असं नाही. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर बाळाची हालचाल दबून जाते. पहिलटकरणीला तर ती जाणवायलाच साधारण 18 ते 20 आठवडे लागतात, आणि तोवर पोटात गॅस धरला असंच तिला वाटतं. बाई अंगाने भरलेली असेल, तर वाढलेलं पोट घरच्यांनाही वेगळं दिसत नाही. यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला आल्या, तर तिने ओळखायचं कशावरून?

या गृहस्थांना नागपूरचंच उदाहरण द्यायला हवं. 1999 साली इथल्या एका शेतकऱ्याला श्वास घेणं अवघड झालं, इतकं त्याचं पोट फुगलं होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉक्टरांनी गाठ समजून पोट उघडलं, तर आत त्याच्याच जुळ्या भावंडाचा अर्धवट वाढलेला देह निघाला. जन्मापासून, म्हणजे 36 वर्षं, तो त्याच्या पोटात होता. हे गर्भारपण नव्हे, हे मान्य. पण पोटात काय आहे हे त्यालाही कळलं नव्हतं आणि पोट उघडेपर्यंत शल्यचिकित्सकांनाही. वर्तमानपत्रांनी त्याला वैद्यकीय चमत्कार म्हटलं. पुढे 2014 मध्ये नागपूरच्याच एन. के. पी. साळवे संस्थेच्या डॉक्टरांनी मध्य प्रदेशातल्या साठ वर्षांच्या एका बाईच्या पोटातून गर्भाचा सांगाडा काढला. तिचं गरोदरपण 1978 सालचं, गर्भाशयाबाहेर राहिलेलं. दिवस गेल्याचं तिला माहीत होतं. पण दुखणं थांबलं, आणि पुढची 36 वर्षं तिने तो सांगाडा पोटात घेऊन काढली. शरीर स्वतःच्या मालकालाही सगळं सांगत नाही, हे या शहराने दोनदा पाहिलं आहे. पुरुषाच्या बाबतीत ते आश्चर्य ठरतं, बाईच्या बाबतीत मात्र लबाडी.

लपवणाऱ्या मुली असतात, आणि त्या याच निकाल देणाऱ्यांच्या भीतीने लपवतात.

एक जुना वादही इथे आठवतो. 2007 साली महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर गदारोळ झाला आणि तो अभ्यासक्रम बंद पडला. मुलींना शरीराविषयी सांगितलं तर त्या बिघडतील, असं तेव्हा बजावलं गेलं. त्याच तोंडाने आज त्यांना विचारलं जातं, तुला कळलं कसं नाही?

हा अविश्वास घरापुरता राहिला असता तर एक वेळ सोडून देता आलं असतं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये दोन मुलांची 27 वर्षांची आई सर्वोच्च न्यायालयात गेली. धाकटं अंगावर पीत होतं, पाळी येत नव्हती. दिवस गेल्याचं सोनोग्राफीत कळलं तेव्हा सुमारे 24 आठवडे उलटले होते. 9 तारखेला गर्भपाताला परवानगी मिळाली, 11 तारखेला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, 16 तारखेला तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. तेव्हा गर्भ 26 आठवडे 5 दिवसांचा होता. 2021 च्या दुरुस्तीनंतरही ठरावीक गटांतल्या बायकांसाठी मर्यादा 24 आठवड्यांची. त्यापुढे आईच्या जिवाला धोका किंवा गर्भात गंभीर व्यंग हवं. उशिरा कळणं हे कारण कायद्यात बसत नाही. ते बसायला हवं.

बाकी करण्याजोगं फार अवघड नाही. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं गर्भचाचणीचं किट असतं. दोन-चार थेंब लघवी पुरते. पोटदुखी, सूज, चक्कर घेऊन आलेल्या मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला, पाळी येते असं ती सांगत असली तरी, डॉक्टरांनी ही चाचणी सुचवावी, तिच्या संमतीने आणि आवाज न चढवता. आणि घरात कुणी ‘मला कळलंच नाही’ म्हणाली, तर वाचकांनी आधी तिला दवाखान्यात न्यावं. चौकशी नंतरही करता येते.