लूप नाही रे, खोली गातेय!

परवा एका मित्राला आल्विन ल्युसिअरचं 1969 मधलं 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' ऐकवलं. दोन मिनिटांत हेडफोन काढून साहेब म्हणाले, "हे संगीत? नुसता लूप आहे रे!"

लूप? अरे, इंजिनियर ना तू? एक माणूस खोलीत बसून चार वाक्यं बोलतो, टेप करतो. ती टेप त्याच खोलीत वाजवून पुन्हा टेप करतो. मग तिची पुन्हा. म्हणजे दर फेरीचं आउटपुट हेच पुढचं इनपुट. खोलीच्या रेझोनन्सशी जुळणारे स्वर बळावतात, बाकीचे विरतात. शेवटी शब्द संपतात आणि खोलीच गायला लागते.

आणि खरी गंमत वेगळीच. ल्युसिअर बोलताना अडखळायचा. ते तो कापून टाकत नाही, मजकुरातच कबूल करतो आणि खोलीच्या हवाली करतो. शब्द जातात, पण बोलण्याची लय उरते.

आपण काय करतो? इंटरव्ह्यूत कुणी अडखळलं की 'कम्युनिकेशन वीक' लिहून मोकळे. मीही लिहिलंय. त्या पोराचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचा धीर मला नव्हता.

असो. हेडफोन परत लाव. या वेळी शेवटपर्यंत.