माउथ ऑर्गनची जीभ

ज्या घरांत बाजाची पेटी असते, तेथें तिची बडदास्त चांगली राहते. तिच्यावर खोळ घालतात, पावसाळ्यांत तिला दमट भिंतीपासून दूर ठेवतात, आणि एखादा सूर बिघडला तर ती जाणत्या कारागिराकडे नेतात. त्याच घरांतील मुलाचा माउथ ऑर्गन मात्र खेळण्यांच्या ढिगांत पडलेला असतो. दोन सूर मुके झाले कीं तो टाकून देतात. हा पंक्तिप्रपंच बरा नव्हे. दोन्हीं वाद्यें एकाच कुळांतलीं आहेत, आणि धाकट्याची निगा तर घरच्या घरीं राखतां येते.

पितळेच्या पट्टींत खांच, खांचेवर एका टोकास जखडलेली पातळ जीभ, आणि तिला कांपविणारा वारा, एवढीच दोघांची सामग्री. पेटींत भाता वारा पुरवितो, माउथ ऑर्गनमध्यें आपली छाती. हें तत्त्व चीनमधील शेंग नांवाच्या वाद्यांत फार प्राचीन काळापासून आहे. युरोपांत त्यावर एकोणिसाव्या शतकांत अनेक वाद्यें निघालीं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. जर्मनींतील ट्रॉसिंगेन गांवीं माथियास होनर यानें १८५७ सालीं माउथ ऑर्गन करण्यास आरंभ केला. आपल्याकडे हातभात्याची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनीं रूढ केली, आणि गुजराथेंतील पालिताणा हें गांव पेटीच्या जिभांसाठीं नांवाजलें.

दहा छिद्रांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्यें वीस जिभा असतात. मधोमध फणी, तिच्या वर-खालीं दोन पितळी पट्ट्या, आणि त्यांवर दोन झांकणें. वरच्या पट्टीच्या जिभा फुंकल्यावर बोलतात, खालच्या श्वास ओढल्यावर. फुंकून सा, ग, प हे तीनच स्वर पुनः पुनः येतात. चौथ्या छिद्रापासून फुंकावें, मग ओढावें, असें करीत गेलें म्हणजे सातव्यापर्यंत शुद्ध सप्तक पुरें होतें. सातव्यांत तेवढा क्रम उलटा, नि ओढून आणि वरचा सा फुंकून.

सुधारणेचा क्रम लक्षांत ठेवावा: आधीं वारा, मग फट, आणि अगदीं शेवटीं स्वर. बहुतेक हौशी लोक उलट्या टोकानें आरंभ करतात. सूर नीट बोलत नाहीं असें दिसतांच कानस घेऊन जीभ घांसूं लागतात, आणि तेथेंच वाद्याचा घात होतो. घांसलेलें पितळ परत येत नाहीं.

प्रथम वारा. फणी आणि पट्टी यांच्यामधून श्वास निसटत असेल, तर छाती फुटेपर्यंत फुंकूनहि आवाज पोकळच येतो. फणी सपाट कांचेवर ठेवून उजेडाकडे धरावी. खालून उजेड दिसला, तर कांचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून फणी त्यावर हलक्या हातानें फिरवावी. लांकडी फणी ओलाव्यानें फुगते. म्हणून असें वाद्य पाण्यांत बुडवूं नये. वाजवून झाल्यावर छिद्रें खालीं करून तें तळहातावर आपटावें आणि वाळल्यावर डबींत ठेवावें. आमच्या सोमेश्वरनगरास गळिताच्या हंगामांत कारखान्याच्या चिमणीची काजळी ओट्यावर येऊन बसते; तिचा एक कण जिभेच्या कडेस अडकला तरी सूर मुका होतो. असा मुका सूर घांसायचा नसतो, नुसता झाडायचा असतो.

नंतर फट. जिभेचें मोकळें टोक पट्टीपासून किंचित् वर उचललेलें असतें. ही फट मोठी असली तर जीभ उशिरा बोलते आणि श्वास फार खाते. अगदीं बारीक असली तर जोरानें फुंकतांच ती गुदमरते. जिभेच्या जाडीइतकी फट हा सामान्य अंदाज. हळू वाजविणाऱ्यानें ती थोडी कमी ठेवावी, जोरकस वाजविणाऱ्यानें थोडी जास्त. दांतकोरण्याच्या टोकानें जीभ हळूच दाबावी अथवा उचलावी, आणि प्रत्येक वेळीं वाजवून पाहावी. पुष्कळशा वाद्यांचा रोग येथेंच बरा होतो.

आतां स्वर. जिभेच्या टोकाशीं पितळ किंचित् खरवडलें कीं टोक हलकें होऊन स्वर चढतो. मुळाशीं खरवडलें कीं जीभ लवचिक होऊन स्वर उतरतो. खरवडतांना जिभेखालीं पातळ पातें सरकवून तिला आधार द्यावा. घांसल्यानें ती तापते. ती निवल्याखेरीज कानानें निर्णय देऊं नये. पितळेचा कीस पुसून काढावा, कारण हें वाद्य ओठांस लागतें.

परीक्षा कशी करावी? भरतमुनींनीं श्रुति समजावितांना दोन सारख्या वीणा घेतल्या, एक जशीच्या तशी ठेवली आणि दुसरी उतरवीत नेली. येथेंहि तीच युक्ति. पहिलें व चौथें छिद्र एकदम फुंकावें, मधलीं दोन तोंडांतील जिभेनें झांकावीं. दोन्ही षड्ज जुळले असतील तर आवाज स्थिर राहील. नसतील तर त्यांत लाटा उठतील. लाटा जितक्या संथ, तितके स्वर जवळ.

गांधाराची गोष्ट निराळी. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं, तर तंबोऱ्याशीं मिळणारा शुद्ध गांधार ३०० वर येतो. सप्तकाचे बारा समान भाग पाडले तर तोच सुमारे ३०२.४ वर जातो. होनरचा १८९६ सालचा ‘मरीन बँड’ पूर्वीं शुद्ध संवादावर मिळविलेला असे. पुढें तो समान विभागणीकडे झुकला. पेटीवरील जुना आक्षेप हाच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलें व श्रुतींची पेटी घडविण्याचा उद्योग केला. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीस मज्जाव केला होता. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. जें पेटीसाठीं इतक्या खटपटीनें करावें लागलें, तें या खिशांतल्या वाद्यांत दुसऱ्या, पांचव्या आणि आठव्या छिद्राच्या वरच्या जिभा मुळाशीं किंचित् खरवडून साधतें. तीनहि गांधार सारखे उतरवावे, एकच नव्हे. मात्र मुलास घरच्या पेटीबरोबर वाजवावयाचें असेल, तर हा उद्योग करूं नये. एका घरांत दोन गांधार नांदत नाहींत. तो तंबोऱ्यापाशीं बसणार असेल तरच कानस हातीं घ्यावी.

हें काम प्रथम जुन्या, टाकाऊ वाद्यावर करावें. एकत्र कुटुंबांत आणखी एक पथ्य: ज्याचा बाजा त्यानेंच वाजवावा, दुसऱ्यानें उष्टा तोंडास लावूं नये. आणि स्वर मिळवितांना मुलास शेजारीं बसवावें. लाट कोठें उठते व कोठें विरते हें त्याला एकदां ओळखूं आलें, म्हणजे तें पुढें गाणें शिको वा न शिको, बाजारांतून आलेला सूर खरा कीं खोटा, हें त्यास दुसऱ्याला विचारावें लागणार नाहीं.