परतीची घाई कशाला?

बदलीच्या गावी जाताना नवरा-बायको दोघेही उत्साहात असतात. नवे घर, नवी भाषा, नवे शेजारी! परतताना मात्र सगळे लक्ष सामानावर. ट्रक ठरवायचा, गॅसची कागदपत्रे करायची, घरमालकाकडून अनामत रक्कम मिळवायची. या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. तीन-चार वर्षांनी परतणारी माणसे पूर्वीचीच राहिलेली नसतात आणि मागे ठेवलेले घरही बदललेले असते. त्याविषयी दोघांनी बोलायचे केव्हा?

त्यासाठी परतीच्या प्रवासासारखी संधी नाही. मात्र तो प्रवास सवडीने करायला हवा.

मंगळूरला बँकेत बदली झालेल्या गडहिंग्लजच्या एखाद्या जोडप्याचे उदाहरण घ्या. घरी जाण्याचा सरळ रस्ता म्हणजे अंकोल्याहून अरबैल घाट चढायचा आणि हुबळी, बेळगाव, संकेश्वर करीत गाव गाठायचे. पहाटे निघाले की रात्री घरी. दुसरा रस्ता किनाऱ्याने कारवार, गोवा, सावंतवाडी आणि मग आंबोलीचा घाट. याला दोन दिवस द्यावेत. सामान ट्रकने पुढे गेलेलेच असते.

एकीकडे समुद्र, दुसरीकडे नदी

कुंदापूर सोडल्यावर मरवंते येते. राष्ट्रीय महामार्ग 66 (पूर्वीचा 17) येथे समुद्राला अगदी खेटून जातो. डाव्या हाताला अरबी समुद्र, उजव्या हाताला सौपर्णिका नदी आणि मधून रस्ता. येथे गाडी बाजूला घेऊन डबा उघडावा. अशा ठिकाणी मनात दडलेले शब्द आपोआप ओठांवर येतात.

‘‘अहो, तिकडे गेल्यावर माझ्या शिकवण्या बंदच ना?’’

‘‘आधी घरी तर पोहोचू. मग बघू.’’

हे ‘मग बघू’ अनेक घरांत महागात पडते. मंगळूरमध्ये तिने एकटीने संसार सांभाळला, मुलांच्या शिकवण्या घेतल्या, चार पैसे स्वतःचे मिळवले. सासरी पहिल्या आठवड्यात जी घडी बसेल, तीच पुढे कायम होते. सकाळचा स्वयंपाक, पाहुणे, सासूबाईंची औषधे यांत दुपारचे दोन तास कोणी आपणहून तिच्या हाती ठेवणार नाही. ते आधीच ठरवावे लागतात आणि घरात ते नवऱ्याने सांगावे लागतात. सुनेने सांगितले तर मागणी वाटते, मुलाने सांगितले तर व्यवस्था.

त्याच्याही मनात काही असतेच. वडील थकले आहेत, घराचे व्यवहार आता आपल्याला पाहावे लागतील, याची धास्ती तो बोलून दाखवत नाही. तिने विचारले, तर बोलेल.

मुक्काम कारवारला

पहिली रात्र कारवारला काढावी. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी येथे राहिले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा कारवारला न्यायाधीश होते. येथील किनाऱ्याला आज रवींद्रनाथांचेच नाव आहे. संध्याकाळी तेथे फिरताना दिवसभराचे बोलणे पुढे न्यावे. गाडी चालवताना नजर रस्त्यावर असते, येथे ती एकमेकांकडे वळू शकते.

पावसाळ्यात मात्र या रस्त्याचा मोह नको. जुलै 2024 मध्ये अंकोल्याजवळ शिरूर येथे दरड कोसळून जीवितहानी झाली आणि ऑगस्टमध्ये कारवारचा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रात्रीचे वाहन चालवणेही टाळावे.

दुसऱ्या दिवशी करमळ घाटातील झाडी, मग झुआरीवरचा नवा पूल. त्याची एक बाजू डिसेंबर 2022 मध्ये आणि दुसरी वर्षभराने सुरू झाली. दुपारी सावंतवाडीत मोती तलावाकाठी थांबावे. चितार आळीतील लाकडी खेळणी आणि रंगीत फळे घरच्यांसाठी घ्यावीत. भेटवस्तू दोघांनी मिळून निवडली, म्हणजे ‘माझ्या माणसांना काय आणि तुझ्या माणसांना काय’ हा हिशेबही मोकळेपणी होतो.

नदीबरोबर घरी

सावंतवाडीहून रस्ता आंबोलीला चढतो. हिरण्यकेशी नदी येथेच एका गुहेतून उगम पावते. शेजारी महादेवाचे देऊळ आहे. समुद्र अगदी जवळ असूनही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला वाहत आजरा, गडहिंग्लज करीत पुढे घटप्रभेला मिळते. म्हणजे येथून पुढचा प्रवास आपल्याच गावच्या नदीबरोबर.

घाट चढून आल्यावर चार गोष्टी पक्क्या कराव्यात. घरखर्चात आपला वाटा किती, तिच्या कामाची वेळ कोणती, आई-वडिलांच्या दवाखान्याची जबाबदारी कोणाकडे आणि आठवड्यातली कोणती संध्याकाळ फक्त दोघांची. पाचवी गोष्ट सासूबाईंसाठी मोकळी ठेवावी. इतकी वर्षे त्यांनीही घर आपल्या पद्धतीने चालवले आहे. त्यांचे ऐकून घेतल्याशिवाय केलेला कोणताही बेत टिकत नाही.

दिवस मावळायच्या आत घरी पोहोचावे. आंबोलीतून फोन केला, तर चहाचे आधण वेळेवर पडेल. सामान उघडायला पुढचे आठ दिवस आहेत. ठरलेले बोलणे मात्र पहिल्या दोन दिवसांत करून टाकावे.