सहा महिने वाचतील, पण कुणाचे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात घराघरांत एकच हिशोब सुरू होतो. पोरगी आज सतरा-अठराची. बी.ए. नाहीतर बी.कॉम.ला तीन वर्षं, म्हणजे विसावं-एकविसावं लागेल. मग पुढचं बघू. या 'पुढचं' शब्दात काय काय दडलेलं असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मुलाच्या बाबतीत हाच हिशोब नोकरीपाशी जाऊन थांबतो आणि मुलीच्या बाबतीत लग्नापाशी. अशा घरात कुणी सांगितलं की आता पदवी तीन वर्षांऐवजी अडीच वर्षांतही घेता येते, तर मैत्रिणींनो, आनंद कुणाला होईल? आणि कशासाठी होईल?

ही नुसती अफवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे आपण ज्याला यूजीसी म्हणतो त्याने, नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगवान पदवी आणि विस्तारित पदवी अशा दोन वाटांना मंजुरी दिली. २०२५ च्या नियमावलीतही त्यांना जागा मिळाली. वर्तमानपत्रांनी मथळे केले ते पहिल्या वाटेचे. दुसरी वाट बातमीच्या शेपटाला राहिली. मला मात्र वाटतं, आपल्या गावच्या मुलींच्या कामाची खरी वाट ती दुसरीच आहे. कसं, ते जरा सविस्तर पाहू.

योजना काय आहे?

तीन वर्षांची पदवी सहा सत्रांची असते. वेगवान वाटेने जाणारी विद्यार्थिनी ती पाच सत्रांत, म्हणजे अडीच वर्षांत पूर्ण करू शकते. चार वर्षांची पदवी तीन वर्षांत होऊ शकते. अभ्यासक्रमात काही कमी होत नाही. तेवढेच विषय, तेवढेच श्रेयांक. फक्त दर सत्राला जास्त विषय घ्यायचे. विस्तारित वाटेत उलट. दर सत्राला कमी विषय घ्यायचे आणि पदवी जास्तीत जास्त दोन सत्रं पुढे न्यायची.

यात तीन अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. कोणती वाट धरायची ते पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटीच ठरवावं लागतं, नंतर नाही. अर्ज कॉलेजची समिती तपासते आणि वेगवान वाटेसाठी मंजूर जागांपैकी जास्तीत जास्त दहा टक्के जागाच ठेवता येतात. आणि तिसरं म्हणजे, दोन्ही वाटांनी मिळालेली पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते. नोकरीला, पुढच्या शिक्षणाला ती चालते. ती कमी किंवा जास्त मुदतीत पूर्ण केली एवढी नोंद तिच्यावर असते. वैद्यकीय, नर्सिंग, बी.एड. यांचे नियम मात्र ज्यांच्या त्यांच्या परिषदा ठरवतात. तिथे हा हिशोब लावू नये.

आता वहीवर गणित मांडू

आपण बायका घरखर्चाचं गणित चोख करतो, तसंच हेही करून बघू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. १३२ धरले तर दर सत्राला २२. पहिलं सत्र नेहमीसारखं झालं, की उरले ११०. ते चार सत्रांत संपवायचे तर दर सत्राला साडेसत्तावीस. दुसऱ्या सत्रानंतर ठरवलं, तर उरलेले ८८ तीन सत्रांत, म्हणजे दर सत्राला एकोणतीसच्याही वर!

वर्गात शिकायच्या विषयाला एका श्रेयांकासाठी साधारण पंधरा तास धरतात, प्रात्यक्षिकाला तीस. म्हणजे दर सत्राला साडेपाच श्रेयांक वाढले की वर्गातलेच ऐंशी-ब्याऐंशी तास वाढले. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं, तर आठवड्याला साडेपाच तास जास्त. घरी करायचा अभ्यास यात धरलेलाच नाही.

कॉलेजजवळ खोली करून राहणाऱ्या मुलाला हे साडेपाच तास जमतीलही. पण आपल्याकडे कॉलेजात कोण येतं? मोताळ्याच्या, लोणारच्या, संग्रामपूरच्या आतल्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या पोरी. शेवटचा तास चुकवून गाडी धरायची की गाडी चुकवून तास करायचा, हा त्यांचा रोजचा पेच. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन सोंगायचं, कापूस वेचायचा, आणि परीक्षाही तेव्हाच. घरी गेल्यावर पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या. हुशारी कमी नाही, वेळ कमी आहे. या पोरींच्या दिवसात साडेपाच तास आणायचे कुठून?

इंग्लंडमधलं बकिंगहॅमचं विद्यापीठ १९७६ पासून दोन वर्षांत पदवी देत आलं आहे. पण तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीतही शिकवतात. वेळ सुट्टीतून काढलेला असतो. आपल्याकडच्या वाटेत भार त्याच सत्रात वाढतो. हा फरक फार मोठा आहे.

डिसेंबर ते जून

समजा, एखाद्या जिद्दीच्या मुलीने हेही केलं. पाचवं सत्र संपलं, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेवटचा पेपर झाला. पुढे काय? एम.ए., एम.कॉम.चे प्रवेश आपल्याकडे उन्हाळा सरल्यावर होतात. बी.एड.ची प्रवेश परीक्षाही वर्षातून एकदाच. जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी असे दोनदा प्रवेश द्यायची मुभा २०२५ च्या नियमावलीत आहे, पण ती मुभा आहे, सक्ती नाही. जिथे जानेवारीत प्रवेश मिळत नाही, तिथे ही मुलगी सहा महिने आधी पोहोचून दारातच बसणार.

स्पर्धा परीक्षांचं म्हणाल, तर शेवटच्या वर्षात असतानाही राज्यसेवेची आणि यूपीएससीची पूर्वपरीक्षा देता येते. यूपीएससीला वय एकवीस पूर्ण लागतं. तेव्हा पदवी सहा महिने आधी हातात आली म्हणून तिथे फार काही साधत नाही.

आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे आणखी काय असतं? तुळशीचं लग्न लागलेलं असतं! लग्नसराई सुरू झालेली असते. मुलगी घरी, शिक्षण 'पूर्ण', पुढचे प्रवेश लांब, आणि मामा-आत्या स्थळं घेऊन दारात. "लवकर आटोपलं त बरंच झालं बाई, आता उरकून टाका," असं म्हणणाऱ्या आपल्या ओळखीत काय कमी आहेत? म्हणजे पोरीने रात्री जागून जे सहा महिने वाचवले, ते तिच्या हाती पडतच नाहीत. ते परस्पर मांडवाला जातात.

भावाने असेच सहा महिने वाचवले, तर घर म्हणेल, जा पुण्याला, क्लास लाव. एकाच घरात, एकाच पदवीच्या, एकसारख्या वाचलेल्या वेळेचे असे दोन भाव होतात. आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, असं खडसावून विचारलं होतं. त्यांना कॉलेजचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. आज त्यांच्या जिल्ह्यातल्या पोरी कॉलेजात जातात, पण प्रश्न काही जुना झालेला नाही.

मग वेगवान वाट वाईटच का?

मुळीच नाही. काही मुलींना ती खरोखर उपयोगाची आहे. घरावर कर्ज आहे, वडील गेले आहेत, लवकर कमावणं भाग आहे, आणि पदवी हाती आली की लागेल असं काम समोर दिसतं आहे, अशा मुलीला सहा महिने म्हणजे सहा पगार. शहरात वसतिगृहात राहून महागडं शिकणारीचं एका सत्राचं भाडं आणि जेवणखर्च वाचतो. काही मुलींची झेपच मोठी असते, नेहमीचा अभ्यास त्यांना पुरत नाही. त्यांना उगाच मागे का ओढायचं? आणि ज्या घरात सहा महिन्यांचं काय करायचं हे आधीच ठरलं आहे, टॅली शिकायचं, इंग्रजी पक्कं करायचं, परीक्षेचा क्लास लावायचा, तिथे हा वेळ सोन्यासारखा आहे.

फक्त निर्णय मुलीचा हवा आणि वेळही मुलीचाच हवा. "लवकर शिक, म्हणजे लवकर उजवू," हे कारण असेल, तर ते वेगवान शिक्षण नव्हे, वेगवान लग्न! राजूर घाटातून गाडी जाते तेव्हा जपून चालवणाऱ्या ड्रायव्हरला आपण भित्रा म्हणत नाही, शहाणा म्हणतो. शिक्षणातही वळणावळणाची वाट असेल तर वेग बेतानेच धरावा.

हळू वाटेचं महत्त्व

आता त्या दुसऱ्या वाटेकडे वळू. बचत गटाच्या कामात मला अशा कितीतरी सुना भेटतात, ज्यांचं दुसरं वर्ष झालं आणि लग्न झालं. कुणाला दिवस गेले, कुणाच्या सासूचं आजारपण निघालं. दोन विषय राहिले, मग चार राहिले, मग लाज वाटू लागली आणि कॉलेज सुटलं. या बायका नापास झालेल्या नाहीत. त्या थकलेल्या आहेत. ज्या सत्रात बाळंतपण येणार आहे, त्या सत्रात सगळे विषय घ्यायची सक्ती नसेल आणि तरीही पदवी तितकीच मोलाची मानली जाणार असेल, तर त्यांच्यातल्या किती जणी टिकतील!

वाट धरायची मुदत पहिल्या दोन सत्रांतच संपते, ही मात्र यातली मोठी उणीव आहे. अडचण काही पहिल्या वर्षातच येते असं नाही. ती दुसऱ्या वर्षी आली, तर कामाला येते दुसरी सोय. नव्या धोरणात शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. पहिल्या वर्षानंतर थांबलं आणि ठरलेला छोटा व्यवसाय अभ्यासक्रम केला तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. मिळवलेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात. आपण बचत गटात पासबुक ठेवतो ना, तसंच हे शिक्षणाचं पासबुक समजा. ते साधारण सात वर्षं ग्राह्य असतं. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करायची, असा नियम आहे. आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्याआधी सुटलेल्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

पण सोय कागदावर असून भागत नाही. माप्यात बसणारी मावशी, वर्गावरचे सर आणि घरातली सासू या तिघांनाही ती ठाऊक असावी लागते.

आयांनो, एवढं करा

मुलगी कॉलेजात गेली की पहिल्या सत्रातच तिच्याबरोबर एकदा कार्यालयात जा आणि सरळ विचारा. आमच्या कॉलेजात वेगवान आणि विस्तारित, या दोन्ही वाटा सुरू आहेत का? अर्ज तपासणारी समिती कुठली? अर्जाची शेवटची तारीख कोणती? जादा विषयांचे तास शेवटच्या एस.टी.च्या आधी संपतात का? वाढीव सत्रात शिष्यवृत्ती चालू राहते का आणि फी किती लागते? मुलीचं क्रेडिट बँकेचं खातं उघडलं आहे का? यातलं काहीही तोंडी ऐकून समाधान मानू नका, सूचना फलकावरचा किंवा परिपत्रकातला कागद बघायला मागा. चार आया मिळून गेल्या तर उत्तरही लवकर मिळतं, हा माझा समाजकार्यातला अनुभव आहे.

आणि घरी बसून एक गोष्ट ठरवून टाका. मुलीची पदवी अडीच वर्षांत होवो, तीनमध्ये होवो की चारमध्ये, तिच्या शिक्षणाची तारीख लग्नाच्या मुहूर्तावरून ठरणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर मुलींमागे जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आधीच झालेलं दिसलं. त्यांच्या वाट्याला पदवीचा हा सगळा विचार आलाच नाही. ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांना किती वेळात शिकलीस हे विचारण्याआधी, शिकून झाल्यावर तुझा वेळ तुझ्या हाती राहिला का, हे विचारू या.