पिंजऱ्याबाहेर बसलेले

अमेरिकेत एमटीव्हीवर 2009 ते 2012 या काळात ‘बुली बीटडाउन’ नावाचा कार्यक्रम चालायचा. त्याचे तुकडे अजूनही मोबाइलवर फिरतात. माझ्या भाच्याने परवा मला त्यातले काही दाखवले. कुणाच्या तरी दादागिरीला कंटाळलेला मुलगा कार्यक्रमाकडे व्हिडिओ पाठवतो. सूत्रधार जेसन मिलर, स्वतः व्यावसायिक एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) खेळाडू, त्या दादाला गाठतो आणि आव्हान देतो: आमच्या खेळाडूसमोर पिंजऱ्यात उभा राहा, दहा हजार डॉलर जिंकायची संधी आहे. पहिली फेरी नुसत्या झटापटीची, पाच हजारांची. दर वेळी हार मानून हात आपटला की त्यातले हजार कापायचे आणि ज्याला त्याने छळलं त्याला द्यायचे. दुसरी फेरी किकबॉक्सिंगची, तीही पाच हजारांची. शेवटपर्यंत टिकला तर पैसे त्याचे. पंचांनी लढत थांबवली तर तेही छळ सोसलेल्याचे.

हे बघताना बरं वाटतं. मलाही वाटलं. ज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्याला खाली मान घालायला लावली, त्याची मान कुणाच्या तरी काखेत अडकलेली दिसली की जुना हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं. ज्याने शाळेत मार किंवा टोमणे खाल्लेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही.

पण त्या लढतींतली एक साधी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दादाने हात आपटला की समोरचा त्याला लगेच सोडतो. तिथे पंच आहे, हातमोजे आहेत, फेरी संपल्याची घंटा आहे, ‘पुरे’ म्हणायची सोय आहे. यातलं काहीही त्याने छळलेल्या मुलाला कधी मिळालेलं नसतं. वर्गात, हॉस्टेलच्या खोलीत, बसच्या मागच्या बाकावर हात आपटून कुणी सुटत नाही. शिवाय हा दादा तिथे स्वतःच्या पायांनी, पैशांच्या आशेने आलेला असतो. आणि याला खेळ म्हणावं, तर आपल्याकडच्या आखाड्यात जोड बघून कुस्ती लावतात, नवख्याला मुरलेल्या पैलवानापुढे ढकलत नाहीत. त्या मापाने ही लढत मला खेळही वाटत नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मुलगा कुठे असतो? पिंजऱ्याबाहेर, प्रेक्षकांत. त्याच्या वतीने दुसराच कुणी मारतो. दादा यातून काय शिकतो? ज्याच्या अंगात जोर जास्त, त्याचंच चालतं. हे तर तो आधीपासूनच मानत आलाय. कार्यक्रमाने त्याला फक्त जास्त जोराचा माणूस आणून दाखवला.

छळाच्या प्रसंगांवर कॅमेरा लावून बसलेली आणखी काही माणसं मला माहीत आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल जास्त बोलायचंय. कॅनडात डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटोच्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावले, मुलांच्या अंगावर छोटे माइक बसवले आणि छळ प्रत्यक्ष होतो कसा ते पाहिलं. 2001 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. शंभरातल्या 88 प्रसंगांत दुसरी मुलं तिथे हजर होती. मध्ये पडली फक्त 19 प्रसंगांत. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद! कसलेल्या खेळाडूला पिंजऱ्यात तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या लागतात, त्या कामाला बरोबरीच्या पोराचं एक ‘ए, सोड त्याला’ पुरतं. आमच्या वर्गात एका मुलाचा डबा रोज पळवला जायचा आणि आम्ही हसायचो. एक दिवस एक मुलगी नुसती उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘दे त्याचा डबा.’ ती अंगाने किरकोळ होती. तिला कराटे येत नव्हतं. डबा परत मिळाला, आणि त्यानंतर आम्हालाही हसायला जमलं नाही. दादागिरी प्रेक्षकांवर जगते. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा शाळांसाठीचा कार्यक्रम म्हणूनच छळणाऱ्यापेक्षा भोवतीच्या मुलांवर जास्त मेहनत घेतो. ‘बुली बीटडाउन’ नेमकं उलटं करतो. भोवतीच्यांना तो खुर्च्या देऊन बसवतो आणि टाळ्या वाजवायला सांगतो.

गप्प बघणाऱ्यांचाही छळात वाटा असतो, हे आपल्या कायद्याने ओळखलंय, याचं मला समाधान आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यातली आणखी एक तरतूद फारसं कुणी सांगत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे, आणि त्याने कारवाईत टाळाटाळ केली तर त्या गुन्ह्याला त्याचीच चिथावणी होती असं धरलं जातं. गप्प बसून बघणाऱ्या खुर्चीलाही कायद्याने आरोपी करून ठेवलंय. आणि तक्रार फक्त छळ सोसणाऱ्यानेच करायची असंही नाही. दुसरा विद्यार्थी करू शकतो, पालक करू शकतात, शिक्षक करू शकतात.

तुमच्या घरातलं मूल यंदा हॉस्टेलला गेलं असेल, तर 1800-180-5522 हा देशभराच्या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा मोफत नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घालून द्या. आणि शेजारच्या खोलीतल्या मुलासाठीही तो लावायचा असतो, हे त्याला आवर्जून सांगा.