पोरांनी पोरांना शिकवावे. सरकारने हात झटकू नयेत

औषधाच्या बाटलीवर लिहिले आहे, 10 लिटर पाण्यात 20 मिली. पाठीवरचा पंप 15 लिटरचा. मग पंपात औषध किती टाकायचे?

गेल्या खरिपात एका गावची बैठक आटोपल्यावर आम्ही हा हिशेब तिथल्या सातवी-आठवीच्या पोरांना घातला. बाराजण होते. दोघांनी 30 सांगितले. चौघांनी 25 सांगितले. 5 लिटर पाणी वाढले म्हणून 5 मिली औषध वाढवले. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचे बाप शेजारीच उभे होते. ते झाकणाने टाकतात, अंदाजाने. आम्ही शेतीशास्त्राची पदवी घेतली, वीस वर्षे गावोगाव मात्रा सांगत फिरलो. पण ऐकणाऱ्याला हा हिशेब येतो का, हे कधी विचारले नाही. ही चूक आमची.

प्रश्न फवारणीपुरता नाही. आडत्याची पट्टी हातात पडली की हमाली, तोलाई, उचल यांची वजाबाकी तपासायला डोळा लागतो. पीक कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचावा लागतो. रास्त भाव मागणाऱ्याला आपल्या क्विंटलचा उत्पादन खर्च स्वतः काढता येत नसेल, तर त्याची मागणी दुसऱ्याने तोंडात घातलेली राहते.

आणि पुढची पिढी कुठे आहे? 2024 सालचा ‘असर’ अहवाल सांगतो की, ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे तिघांपैकी एकालाच जमते. ही बहुतेक आपलीच पोरे आहेत.

दोष पोरांचा नाही आणि सगळा गुरुजींचाही नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक. शिक्षक दोन, इयत्ता चार किंवा पाच. गुरुजी पहिलीकडून अक्षरे गिरवून घेतात तेव्हा दुसरी नुसती बसून असते. त्यात बीडसारख्या भागातली ऊसतोड कामगारांची पोरे दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो.

अशा शाळेत एक साधन आहे, ज्याला पैसा लागत नाही. मोठ्या पोराने धाकट्याला शिकवायचे. पाचवीतल्या पोराला ‘एकोणपन्नास’ म्हटल्यावर 49 लिहायचे हे कळते, पण तीन वर्षांपूर्वी तोच ‘पन्नास’ ऐकून 59 लिहीत होता. धाकटा कुठे अडतो हे त्याला चटकन दिसते, कारण तो स्वतः तिथेच अडला होता. आपला अनुभव वेगळा आहे काय? कृषी खात्याच्या पत्रकावर शेतकरी जेवढा विश्वास ठेवत नाही, तेवढा बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या पिकावर ठेवतो.

विद्या दिल्याने वाढते असे आपण म्हणतो. 1982 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा शिकवण्याच्या 65 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. शिकणाऱ्यांची प्रगती झालीच, शिकवणाऱ्या मुलांचीही झाली. म्हणजे शिकवायला वर्गातला पहिला नंबरच हवा असे नाही. अडखळत वाचणारा सहावीतला पोरगा दुसरीतल्याला शिकवू लागला, तर दुसरीचे पुस्तक तो न लाजता पुन्हा वाचतो.

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात 1970 च्या दशकात खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी ‘नवी शाळा’ नावाची पद्धत सुरू झाली. मुले लहान गटांत एकमेकांकडून शिकतात. कॉफीच्या तोडणीला गेलेले मूल परत आले की जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करते. काल्डास प्रांतात कॉफी उत्पादक शेतकऱ्यांच्या संघटनेने या शाळांना पाठबळ दिले. तिथल्या शेतकऱ्यांना जे जमले ते आपल्याला का जमू नये?

मात्र एक धोका आहे, आणि तो आपल्याच देशातून निघालेल्या गोष्टीतला आहे. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री 1789 पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार पाहत होता. देशी शाळेत पोरे वाळूवर अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत मोठ्या पोरांकडून धाकट्यांना शिकवायला लावली. 1797 साली त्याने त्यावर लंडनमध्ये पुस्तिका छापली. इंग्लंडमध्ये ही ‘मद्रास पद्धत’ झपाट्याने पसरली, कारण ती स्वस्त होती. एका मास्तराच्या हाताखाली शेकडो गरिबांची पोरे बसवली गेली आणि शिकणे घोकंपट्टीवर आले. पुढे 1846 पासून तिथल्या सरकारला पगारी, शिकाऊ शिक्षक नेमण्याकडे वळावे लागले.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी मुलांना शिकवावे असे म्हटले आहे. पण स्वेच्छेने आणि प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली. ही अट आपण घट्ट धरली पाहिजे. पोरे एकमेकांना शिकवतात म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवायची, असे कोणी म्हणाले तर तिथे आपण आडवे पडू. ठिबक बसवले म्हणून विहीर बुजवायची नसते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या गावात गुरुजींशी बोलून एवढे सुरू करा. रोज अर्धा तास, शाळेच्या वेळेतच. जोड्या गुरुजींनी लावाव्यात आणि दोन महिने मोडू नयेत. जात, वस्ती पाहून जोड्या लावू नयेत. पुस्तक धाकट्याच्या हातात. चुकला तर हसायचे नाही, मारायचे नाही; थांबायचे, मग पुन्हा वाचायला लावायचे. गणित आपल्या घरचे असावे: पंपाची मात्रा, दुधाचा हिशेब, आडत्याची पट्टी. शनिवारी गुरुजींनी प्रत्येक धाकट्याचे वाचन ऐकावे. घरी भावंडे सांभाळणाऱ्या पोरींवर हे आणखी एक ओझे म्हणून टाकू नये. मुलगेही तितकेच शिकवतील.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना दोन आकडे लिहून आणा. गावच्या शाळेत शिक्षकांच्या मंजूर जागा किती आणि त्यांतल्या भरलेल्या किती, हा पहिला. पाचवीतल्या किती पोरांना दुसरीचा धडा वाचता येतो, हा दुसरा. पहिला आकडा घेऊन आपण जिल्हा परिषदेत जाऊ. दुसरा बदलायचे काम उद्यापासून गावात सुरू करता येते.