विश्लेषण : व्हीलचेअरचे स्टिकर लावले की गाडी दिव्यांगाची होते का?

सुट्टीतला शनिवार. आगरदांड्याहून निघालेली फेरीबोट खाडी ओलांडून दिघीच्या धक्क्याला लागते. गाड्या उतरतात आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरच्या दिशेने पळू लागतात. थोड्याच वेळात किनाऱ्यावर पार्किंगसाठी शोधाशोध सुरू होते. या गर्दीत मागच्या काचेवर व्हीलचेअरचे चित्र असलेली गाडी दिसली, तर आत दिव्यांग प्रवासी आहे असे समजावे का? दुर्दैवाने त्याची काहीच खात्री नाही. हे स्टिकर ऑनलाइन कुणालाही मिळते. घेताना कोणी कागद मागत नाही.

मग परवाना असतो कुठला?

ब्रिटनमध्ये यासाठी 'ब्लू बॅज' आहे. तो गाडीला नव्हे, व्यक्तीला मिळतो. ती व्यक्ती ज्या गाडीत बसेल, तिथे तो लावायचा. गैरवापर केल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्याकडे असा देशभर चालणारा पार्किंग परवानाच नाही. यूडीआयडी कार्ड आहे, त्यावर ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्वासाठी पांढरी, ४० ते ८० टक्क्यांसाठी पिवळी आणि त्यापुढे निळी पट्टी असते. २०२० पासून वाहन नोंदणीच्या अर्जात 'दिव्यांगजन' मालकीचीही नोंद होते. पण नोंद गाडीची. वडील घरी असतात आणि त्याच गाडीतून मुलगा मित्रांसह कोकणात येतो. कागद खरा, वापर खोटा. बनावट प्रमाणपत्रापेक्षा हा प्रकार पकडणे अवघड, आणि तो करणाऱ्याला आपण काही चुकीचे करतोय असे वाटतही नाही.

'दोनच मिनिटांत येतो'

राखीव जागा म्हणजे दारापाशी मिळालेली मेहेरबानी, हा समज आधी काढून टाकायला हवा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही जागा ३.६ मीटर रुंद, ५ मीटर लांब आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी. जास्तीची रुंदी कशाला? तर गाडीचे दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर उभी करता यावी आणि माणसाला तीत सरकता यावे म्हणून. ती अडवली, तर दिव्यांग प्रवाशाला थोडे लांब गाडी लावून चालेल असे होत नाही. साध्या जागेत दारच पुरेसे उघडत नाही. तो गाडीतच बसून राहतो.

या सूचना फक्त शिफारशी होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

शिक्षा आहे, पण...

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील कलम ९१ नुसार दिव्यांगांसाठीचे लाभ फसवणुकीने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पार्किंगच्या वादात हे कलम कुणाला आठवत नाही. फार तर चुकीच्या पार्किंगचे चलान.

पुण्यातील प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकर यांच्यावरील आरोपांनंतर (ते त्यांनी फेटाळले आहेत) महाराष्ट्रात दिव्यांग प्रमाणपत्रांची मोठी चर्चा झाली. यूपीएससीने जुलै २०२४ मध्ये त्यांची उमेदवारी रद्द केली. पण अशा प्रकरणांचा जाच खऱ्या दिव्यांगांनाही होतो. 'हा तर चालतोय की' म्हणत त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांतले कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत. हिमोफिलियाचा किंवा सिकलसेलचा रुग्ण चालत येतो. वेदना त्याची त्याला ठाऊक. त्यामुळे पार्किंगमध्ये माणसाकडे पाहून निवाडा करण्याचा अधिकार ना रखवालदाराला, ना आपल्याला.

तपासायच्या गोष्टी दोनच : कार्ड आणि कार्डधारक गाडीत आहे की नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. यूडीआयडीला जोडलेला, व्यक्तीच्या नावाचा पार्किंग परवाना काढणे या विभागाला जड जाऊ नये. तोवर किनाऱ्यावरचे पार्किंग ग्रामपंचायत चालवो वा ठेकेदार, पावती फाडतानाच कार्ड मागता येईल. कार्डधारक सोबत नसेल, तर काचेवर कितीही मोठे स्टिकर असले तरी गाडी साध्या रांगेत.